वंशवृक्षावरची अपुरी फांदी : मॉर्मन कुटुंबे धारातीर्थी पडलेल्या सैनिकांचा मान कसा राखतात

२६ जून १९४८ रोजी अमेरिकेच्या यूटा राज्यातील गारलंड या छोट्या गावात, मॉर्मन पंथाच्या प्रार्थनागृहात, एकाच घरातील चार भावांच्या शवपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. क्लाइड, लिरॉय आणि रोलन व रुलन हे जुळे, अशी त्या बोर्गस्ट्रॉम बंधूंची नावे. १९४४ च्या मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांत चौघेही गेले होते. क्लाइड ग्वादलकनाल बेटावर, लिरॉय इटलीत, रोलन इंग्लंडमध्ये आणि रुलन फ्रान्समध्ये. जुळ्या भावांचे वय तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. पाचवा भाऊ बॉइड हाही सैन्यात होता. त्याला घरी पाठवण्यात आले, कारण एका आईबापाने आणखी किती द्यायचे, हा प्रश्न तोवर सरकारलाही पडला होता. महायुद्धानंतर अमेरिकन सरकारने परदेशी पुरलेल्या सैनिकांच्या कुटुंबांना विचारले की, पार्थिव तिथेच राहू द्यायचे की मायदेशी आणायचे. त्या मोहिमेत सुमारे १ लाख ७१ हजार पार्थिवे परत आणली गेली. त्यांत हे चौघे होते. अंत्यविधीला पंथाचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज अल्बर्ट स्मिथ आणि सेनाधिकारी जनरल मार्क क्लार्क हे दोघेही उपस्थित होते.

लष्करी इतमाम, घडी घातलेला राष्ट्रध्वज, बंदुकांची सलामी हे सारे कोणत्याही अमेरिकन सैनिकाच्या वाट्याला येते. मॉर्मन कुटुंबात मात्र सलामीनंतरही एक काम शिल्लक राहते आणि ते कधीकधी तीन पिढ्या चालते. मेलेल्या माणसाचे नाव, जन्म, आईवडील, विवाह आणि मृत्यू यांचा कागदोपत्री माग काढायचा, त्याला कुटुंबाच्या वंशवृक्षात त्याच्या नेमक्या जागी बसवायचे आणि त्याच्या हयातीत राहून गेलेले धार्मिक विधी त्याच्या वतीने मंदिरात पूर्ण करायचे, असे हे काम आहे. बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटते, काहींना आक्षेपार्हही वाटते. म्हणून त्यामागची श्रद्धा, तिच्यासाठी लागणारी कागदपत्रे आणि तिच्या मर्यादा हे तिन्ही नीट समजून घ्यायला हवे.

प्रथम नावाविषयी. या पंथाचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे असून २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव टाळून पूर्ण नाव वापरावे, अशी विनंती केली होती. मराठी वाचकाला ओळखीचा शब्द तोच असल्याने या लेखात तो वापरला आहे, त्यात अनादर नाही. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी या पंथाची स्थापना केली. बाप्तिस्मा घेतल्यावाचून तारण नाही, ही ख्रिस्ती शिकवण त्यांनीही मानली. पण त्यांच्या घरातच या शिकवणीने एक जखम केली होती. त्यांचा थोरला भाऊ अल्विन १८२३ मध्ये, पंथ स्थापन होण्यापूर्वी, बाप्तिस्म्याविना वारला होता. सज्जन आणि कष्टाळू असा हा भाऊ केवळ आधी मेला म्हणून देवाला पारखा झाला काय? जानेवारी १८३६ मध्ये ओहायोतील कर्टलंड येथे जोसेफ यांना झालेल्या दर्शनात अल्विन स्वर्गाच्या सर्वोच्च स्थानी दिसला, असे पंथाचे ग्रंथ सांगतात. १५ ऑगस्ट १८४० रोजी इलिनॉय राज्यातील नावू गावी, सीमोर ब्रन्सन यांच्या अंत्यविधीच्या वेळी, जोसेफ यांनी मृतांच्या वतीने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घेण्याची शिकवण प्रथमच जाहीरपणे मांडली. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील पंधराव्या अध्यायाच्या एकोणतिसाव्या ओवीत मृतांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख येतो, तो त्यांचा आधार होता. ते ऐकून जेन नेमन या विधवेने आपल्या मृत मुलासाठी मिसिसिपी नदीत बाप्तिस्मा घेतला. ज्ञात असलेला असा हा पहिला विधी. पुढे पुरुषासाठी पुरुषाने आणि स्त्रीसाठी स्त्रीने असा नियम झाला, नदीऐवजी मंदिरात बारा बैलांच्या शिल्पांवर उभारलेले कुंड आले, पण आरंभ एका आईने मुलासाठी केला होता, हे मला विसरता येत नाही.

या विधीचा अर्थ लावताना हमखास एक चूक होते. बाप्तिस्मा झाला म्हणजे मृत व्यक्ती मॉर्मन झाली, असे पंथ मानत नाही. मृत्यूनंतर आत्मा जागृत असतो, त्याला शिकता येते, स्वीकारता येते आणि नाकारताही येते. पृथ्वीवरच्या नातेवाइकाने केलेला विधी त्याच्यासमोर ठेवलेले निमंत्रण असते. पंथाच्या सभासदसंख्येतही अशा मृतांची गणना होत नाही. बाप्तिस्म्यानंतर ‘एन्डाउमेंट’ नावाचा दीर्घ विधी होतो, त्यात देवाशी करार केले जातात. आणि मग ‘सीलिंग’. पतीला पत्नीशी आणि मुलांना आईवडिलांशी मृत्यूपलीकडेही जोडून ठेवणारा हा विधी साऱ्या व्यवस्थेचा कळस मानला जातो. पूर्वजांची मने मुलांकडे आणि मुलांची मने पूर्वजांकडे वळतील, हे मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी आलेले वचन मॉर्मन माणूस सीलिंगच्या संदर्भात वाचतो.

आपल्याकडे श्राद्धाची परंपरा असल्यामुळे मराठी वाचकाला मृतांसाठी जिवंतांनी काही करावे ही कल्पना परकी वाटणार नाही. पितृपक्षातील चतुर्दशी तर शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी राखून ठेवलेली आहे. तरीही दोन्हींत एक मोठा भेद आहे आणि पुढचे सारे त्या भेदातून निघते. श्राद्ध दरवर्षी करायचे असते, आणि ज्यांची तिथी किंवा नाव ठाऊक नाही त्यांनाही सर्वपित्री अमावास्येला सामावून घेता येते. मॉर्मन विधी प्रत्येक व्यक्तीसाठी एकदाच होतो आणि तो नाव घेऊनच करावा लागतो. ‘ज्ञात-अज्ञात सर्व’ असा मोघम संकल्प तिथे चालत नाही. हा माणूस कोण, कुणाचा मुलगा, केव्हा आणि कुठे जन्मला, हे ठरल्याशिवाय त्याच्यासाठी कुंडात उतरता येत नाही. म्हणूनच या पंथाने जगातील सर्वांत मोठ्या वंशावळ-संग्रहांपैकी एक उभारला.

सैनिकांच्या मृत्यूशी या शिकवणीचा थेट संबंध १९१८ मध्ये आला. पंथाचे सहावे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ हे संस्थापकांचे पुतणे. त्या वर्षी ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यांची प्रकृती खालावली होती. जानेवारीत त्यांचा थोरला मुलगा हायरम वारला होता. पहिल्या महायुद्धाचे ते शेवटचे वर्ष होते. त्या युद्धात सुमारे ९० लाख सैनिक मेले, आणि इन्फ्लुएंझाची साथही घराघरांत शिरत होती. ३ ऑक्टोबर १९१८ रोजी पेत्राच्या पहिल्या पत्राचे वाचन व चिंतन करीत असताना त्यांना दर्शन झाले, असे त्यांनी नोंदवले आहे. वधस्तंभावरील मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या दरम्यान ख्रिस्त मृतांच्या जगात गेला, तिथे त्याने नीतिमान आत्म्यांतून दूत नेमले आणि ते दूत अंधारात राहिलेल्यांपर्यंत संदेश नेत आहेत, असे त्या दर्शनाचे सार आहे. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले आणि १९ नोव्हेंबरला स्मिथ वारले. साथीमुळे त्यांचा सार्वजनिक अंत्यविधीही होऊ शकला नाही. हे दर्शन १९७६ मध्ये पंथाच्या शास्त्रग्रंथांत घेतले गेले आणि आज ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनन्ट्स’ या ग्रंथाचा १३८ वा विभाग म्हणून वाचले जाते. त्यात युद्धाचे वर्णन नाही. पण ज्या घरी सैन्याची तार आली होती, त्या घराने ते कसे वाचले असेल, हे सांगायला नको. वीस वर्षांचा मुलगा खंदकात मेला, त्याचे जगणे तिथेच तुटले, असे मानण्याऐवजी त्याच्यासमोर अजून काम आहे, असे मानण्याला त्या दर्शनाने आधार दिला.

त्या आधाराची गरजही होती. ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या ग्रंथात हीलमन नावाच्या सेनानीच्या हाताखालील दोन हजार साठ तरुण योद्ध्यांची कथा आहे. आयांनी त्यांना शंका न घेण्यास शिकवले होते, आणि घनघोर लढाईत त्यांच्यातले सगळे जखमी झाले तरी एकही मेला नाही. रविवारच्या धर्मशिक्षणात मुलांना ही कथा आवडीने सांगितली जाते. जिचा मुलगा परत आला नाही, त्या आईने ही कथा ऐकताना काय करायचे? तिची श्रद्धा कमी पडली होती काय? त्याच ग्रंथात दुसरीही कथा आहे. शस्त्रे जमिनीत पुरून ठेवलेल्या आणि ती पुन्हा उचलण्यास नकार दिलेल्या लोकांपैकी एक हजार पाच जण प्रतिकार न करता मारले गेले, आणि ग्रंथ त्यांना धन्य म्हणतो. माझ्या मते या दोन कथा एकत्र वाचल्याशिवाय मॉर्मन कुटुंबाचा शोक कळत नाही. जीव वाचणे हे श्रद्धेचे बक्षीस आणि मरणे ही शिक्षा, असा सरळ हिशेब तिथेही जुळत नाही.

हा पंथ कोणत्या एका देशाच्या सैन्याचाही नाही. १८४६ मध्ये मेक्सिकोविरुद्धच्या युद्धासाठी सुमारे पाचशे जणांची ‘मॉर्मन बटालियन’ आयोवातून निघून कॅलिफोर्नियापर्यंत चालत गेली. तिला शत्रूशी लढाई करावीच लागली नाही, तिच्यातले बहुतेक मृत्यू आजाराने झाले. त्यानंतर शतकाभरात पंथ युरोपात पसरला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याचे सभासद अमेरिकन गणवेशात होते तसेच जर्मन गणवेशातही होते. एप्रिल १९४२ मध्ये पंथाच्या नेतृत्वाने जाहीर केले की, आपापल्या देशाच्या आज्ञेने लढणाऱ्या सभासदांवर, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, त्या हत्यांचे पाप येत नाही. मंदिरात एखाद्या जर्मन सैनिकाचे नाव आणि त्याच्या विरोधात लढलेल्या अमेरिकनाचे नाव एकाच सकाळी, एकाच कुंडात घेतले जाऊ शकते.

आता शीर्षकातील अपुऱ्या फांदीकडे येतो. वंशावळ शोधणारा माणूस सहसा स्वतःपासून सुरुवात करून वर चढतो : वडील, आजोबा, पणजोबा. अशा शोधात प्रत्येक पिढीतले ज्यांना मुले झाली तेच सापडतात. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी अविवाहित मेलेला सैनिक कुणाचाच पणजोबा नसतो. त्याला शोधत वर येणारे कुणी नसते. आईवडील असेपर्यंत दिवाणखान्यात त्याचे छायाचित्र असते, भावंडे असेपर्यंत त्याच्या आठवणी असतात, आणि नंतर ते छायाचित्र कोणाचे हे सांगणारेही उरत नाहीत. वंशवृक्षावर त्याच्या नावाखाली काहीच नसते, कित्येकदा नावही नसते. म्हणून मॉर्मन कुटुंबांत आडव्या शोधावर भर दिला जातो. आजोबांची सगळी भावंडे, पणजीचे सगळे भाऊ, चुलत आणि मामेघराणी यांच्याकडे वळून पाहायचे आणि जिथे फांदी एकाएकी थांबते, तिथे का थांबली हे विचारायचे. मृत्यूचे वर्ष १९१८ किंवा १९४४ असले, तर उत्तर बहुधा सैन्याच्या कागदांत असते. पुतण्याचा मुलगा किंवा बहिणीची नात असे दूरचे नातलग मग त्याचे विधी करतात आणि अविवाहिताला त्याच्या आईवडिलांशी सील केले जाते. विवाहित सैनिकाच्या बाबतीत गुंतागुंत वाढते. युद्धविधवेने पुढे दुसरे लग्न केले असेल तर ती कोणाची? मृत स्त्रीला तिच्या हयातीतील सर्व कायदेशीर पतींशी सील करता येते, असा सध्याचा नियम आहे. अंतिम नाते काय राहील, हा निर्णय देवावर आणि त्या व्यक्तींच्या इच्छेवर सोपवला जातो. युद्धात गेलेल्या पहिल्या नवऱ्याला कागदावरूनही पुसून टाकले जात नाही, ही त्यातली माणुसकी मला महत्त्वाची वाटते.

या शोधामागे मोठी यंत्रणा आहे. १८७७ मध्ये सेंट जॉर्ज येथील मंदिरात विल्फर्ड वुड्रफ यांनी अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांसाठी विधी केले होते. पण १८९४ मध्ये, पंथाचे अध्यक्ष असताना, त्यांनीच सभासदांना सांगितले की, थोरामोठ्यांशी नाते जोडण्याऐवजी स्वतःच्या आईवडिलांशी सील व्हा आणि आपली वंशावळ जमेल तितकी मागे न्या. त्याच वर्षी ‘जीनिऑलॉजिकल सोसायटी ऑफ यूटा’ स्थापन झाली. १९३८ पासून तिने जगभरातील चर्चची, न्यायालयांची आणि सरकारी दप्तरांची मायक्रोफिल्म घ्यायला सुरुवात केली. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात बोगदे खोदून बांधलेल्या तिजोरीत या फिल्मची सुमारे २४ लाख रिळे ठेवली गेली आणि २०२१ मध्ये त्यांचे डिजिटल रूपांतर पूर्ण झाले. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या फिल्मही याच संस्थेने घेतल्या. आज हा संग्रह ‘फॅमिलीसर्च’ या नावाने कोणत्याही धर्माच्या माणसाला विनामूल्य पाहता येतो. त्यावरचा वंशवृक्ष सर्वांचा मिळून एकच आहे. एकाने लिहिलेली चूक सगळ्यांना दिसते आणि दुरुस्त करता येते.

सैनिकाच्या बाबतीत हा शोध कुठे अडतो? अमेरिकेत सर्वांत मोठा अडथळा एका आगीचा आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस येथील लष्करी नोंदींच्या केंद्राला लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या सेवेच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात गेल्या. त्यांच्या प्रती नव्हत्या आणि पूर्ण सूचीही नव्हती. त्यामुळे शोधणाऱ्याला वळसा घालावा लागतो. पहिल्या महायुद्धाच्या वेळी भरतीसाठी भरून घेतलेली सुमारे २ कोटी ४० लाख कार्डे शिल्लक आहेत. त्यांवर जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय, आणि बऱ्याच कार्डांवर जवळच्या नातलगाचे नाव मिळते. तुकडीचा रोजचा हजेरीचा अहवाल असतो, त्यात कोण जखमी झाला, कोण बेपत्ता झाला, कोण मेला हे तारखेनिशी कळते. आणि मृत सैनिकाच्या दफनाची स्वतंत्र फाइल असते. ती सेवेच्या फायलीपेक्षा वेगळी ठेवली जात असे. आधी कुठे पुरले, कधी हलवले, दातांचा नकाशा, आणि पार्थिवाचे काय करायचे याविषयी आईवडिलांनी केलेला पत्रव्यवहार, हे सारे त्यात सापडते. मुलाचे हाड न् हाड आले आहे ना, असे विचारणारी पत्रेही अशा फायलींत आहेत. ती वाचणारा माणूस वंशावळीच्या रकान्यात केवळ तारीख भरून थांबू शकत नाही.

नेमकेपणाचा आग्रह इथे धार्मिकही ठरतो. एका तुकडीत एकाच नावाचे दोघे असले आणि वंशवृक्षावर त्यांची नोंद चुकून एक झाली, तर एकाचे विधी दोनदा होतात आणि दुसरा राहून जातो. म्हणून दोन स्वतंत्र नोंदी जुळल्याशिवाय नाव मंदिराकडे पाठवू नये, असे अनुभवी मंडळी सांगतात.

आता मर्यादा, कारण त्या सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे पुरा होत नाही. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यू लोकांची नावे काही सभासदांनी विधींसाठी पाठवली होती. ज्यांना त्यांच्या धर्मासाठी मारले गेले, त्यांच्या नावाने दुसऱ्या धर्माचा विधी होणे हे त्यांच्या नातलगांना दुसऱ्यांदा पुसले जाण्यासारखे वाटले, आणि ते वाटणे योग्यच होते. १९९५ मध्ये पंथाने ज्यू संघटनांशी करार करून हे थांबवण्याचे मान्य केले, तरीही नावे येत राहिली. २०१० मध्ये पुन्हा बोलणी झाली आणि २०१२ मध्ये पंथाच्या नेतृत्वाने सर्व सभासदांना कडक शब्दांत लिहिले की, फक्त स्वतःच्या नात्यातील नावेच पाठवावीत, प्रसिद्ध व्यक्ती किंवा होलोकॉस्टचे बळी यांची नावे पाठवू नयेत. त्याशिवाय मृत व्यक्तीचा जन्म गेल्या ११० वर्षांतील असेल, तर हयात पती किंवा पत्नी, मुले, आईवडील अथवा भावंडे यांपैकी जवळच्या नातलगाची परवानगी लागते. सैनिकांना हे नियम फार लागू पडतात. गावच्या युद्धस्मारकावरची सगळी नावे उतरवून मंदिराकडे पाठवणे, हे कितीही सद्भावनेने केले तरी नियमाबाहेरचे आहे. त्या दगडावर कॅथलिक, ज्यू, मुस्लिम, कशावरही विश्वास नसलेले, असे सगळे आहेत. परक्या सैनिकासाठी वेगळे काम करता येते. त्याची नोंद शोधावी, हस्तलिखित कार्ड वाचून सूचीत आणावे, त्याचे छायाचित्र वंशवृक्षावर लावावे आणि विधीचा निर्णय त्याच्या घरच्यांवर सोडावा. मला ही सीमारेषा मनापासून पटते. नाव शोधून देणे हा मान कुणालाही देता येतो, विधी मात्र नात्याच्या अधिकारानेच व्हावा.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, अमेरिकेतील स्मृतिदिनी, यूटातील स्मशानभूमींत कुटुंबेच्या कुटुंबे येतात. गृहयुद्धानंतर १८६८ मध्ये सैनिकांच्या कबरी फुलांनी सजवण्याचा दिवस म्हणून तो सुरू झाला. आता सैनिकाबरोबर आजी, काकू, लहानपणी गेलेले भावंड, सगळ्यांच्या दगडांवर फुले ठेवली जातात आणि मुलांना नात्यांची ओळख करून दिली जाते. काही सैनिकांच्या सरकारी शिळांवर तुतारी फुंकणाऱ्या मोरोनाय या मॉर्मन श्रद्धेतील देवदूताचे चिन्ह दिसते.

ज्यांना शिळाच नाही, असेही फार आहेत. दुसऱ्या महायुद्धापासूनच्या लढायांतील ८० हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक अद्याप बेपत्ता आहेत. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर येथे उलटलेल्या ‘ओक्लाहोमा’ या युद्धनौकेवर ४२९ जण मेले. त्यांतील ३८८ जणांची ओळख पटली नव्हती आणि त्यांचे अवशेष होनोलुलूच्या दफनभूमीत एकत्र पुरले होते. २०१५ मध्ये ते बाहेर काढून तपासणी सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत ३५० हून अधिक जणांना त्यांची नावे परत मिळाली. अशा तपासणीत मायटोकाँड्रियाचा डीएनए वापरला जातो आणि तो केवळ आईकडून मुलांकडे जातो. अविवाहित मेलेल्या खलाशाचा नमुना जुळवायचा तर त्याची बहीण, बहिणीची मुलगी, त्या मुलीची मुले, किंवा आईच्या बहिणीच्या वंशातील कुणीतरी शोधावे लागते. लग्नानंतर दर पिढीत आडनाव बदलत गेलेली ही माणसे केवळ वंशवृक्ष नीट मांडलेला असेल तरच सापडतात. कुटुंबातील कुणीतरी आडवा शोध घेत बसलेले असते, म्हणून एखाद्या पणतीच्या घरी फोन येतो, गालावर कापसाची काडी फिरवून नमुना पाठवला जातो, आणि काही महिन्यांनी त्या तरुणाच्या नोंदीतील दफनस्थानाचा रकाना, जो ऐंशी वर्षे रिकामा होता, गावाच्या नावासह भरला जातो.